उजव्या गालावरचा तीळ

माझा नवरा डावखुरा होता, त्यामुळे त्याचा मार नेहमी माझ्या उजव्या गालावर बसायचा. डाव्या गालावर मला जन्मापासून तीळ आहे, मसुराच्या डाळीएवढा. तो गाल त्याने कधी बिघडवला नाही. त्याच्या हाताची सवय माझ्या चेहऱ्याला इतकी झाली होती, की नुसता त्याचा डावा खांदा हलला तरी माझी मान आपोआप वळायची.

नानाखेड्याच्या एका कॉलनीत आम्ही राहत होतो, तो, मी आणि त्याची आई. तो एका खाजगी बसवाल्याच्या ऑफिसात बुकिंग पाहायचा. बाहेर अतिशय गोड बोलायचा. शेजारणी मला म्हणायच्या, काय नशीब काढलंस. मला त्यांचीही मुस्काटं फोडावीशी वाटायची.

मी फ्रीगंजमध्ये एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर काम करायचे. गावात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या कोर्सच्या पाट्या लागल्या होत्या आणि लग्नाआधी मीही तसा एक कोर्स केला होता. स्टुडिओच्या मालकाला सगळे सेठजी म्हणायचे. माळव्यातलाच माणूस, अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्यात उमर घालवलेला. ती खोली मोडून त्यांनी तिथे कॉम्प्युटर, स्कॅनर आणि प्रिंटर मांडले आणि मला खुर्चीवर बसवलं. माझं काम टचिंगचं, म्हणजे चेहरे साफ करायचं. उपवर मुलींचे मुरूम काढायचे, देवीचे व्रण बुजवायचे, राम घाटावर बुडी मारून आलेल्या यात्रेकरूंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. आमच्या दुकानातून मळका चेहरा बाहेर जात नाही, असं सेठजी अभिमानाने सांगायचे.

लोकांना कॉम्प्युटर म्हणजे जादू वाटायची. ग्रुप फोटोतून कापलेला नखाएवढा चेहरा घेऊन यायचे आणि म्हणायचे, "इसको कैलेंडर जितना बड़ा कर दो." मी समजावून समजावून थकायचे. पडद्यावर एका इंचात बहात्तर ठिपके असले तरी भागतं, कागदाला तीनशे लागतात. ठिपके कमी असताना फोटो ताणला की तो फाटतो. आमच्या धंद्यात असंच म्हणतात, फोटो फाटला. गालाच्या जागी चौकोन दिसायला लागतात, भुवईच्या पायऱ्या होतात. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते मी कुठून आणू? गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पुन्हा म्हणायचं, "हां, पर साफ आना चाहिए." माझं डोकं फिरायचं.

आता माझे बाबा. ते कोर्टात बाबू होते. निवृत्त झाले तरी कोर्ट त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारायचे. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी पळून आले, तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, समोर बसले आणि म्हणाले, "आरोप गंभीर आहे. सबूत काय?"

सबूत नव्हतं. मारलं की गाल उतरेपर्यंत तो मला घराबाहेर पडूच द्यायचा नाही. दुकानात निरोप जायचा, ताप आहे. मी माहेरी पोचायचे तोवर चेहरा पुन्हा लख्ख. बाबांनी स्वतः ऑटो केला, मला नानाखेड्याला नेऊन पोचवलं, जावयाबरोबर चहा प्यायले आणि घरी गेले. आई दारापर्यंत आली होती. तिने माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली होती, बाकी अवाक्षर काढलं नव्हतं. बाबांच्या पुढ्यात ती कधी बोलायचीच नाही. मला तिचा बाबांपेक्षाही जास्त राग यायचा.

त्याच वर्षी बाबांची साठीशांत झाली. त्यासाठी त्यांना एक जुना फोटो मोठा करून बैठकीत लावायचा होता. फोटो माझ्या जन्मानंतरचा. आई खुर्चीवर बसलेली, मी तिच्या मांडीवर, मागे बाबा खुर्चीच्या पाठीवर उजवा हात ठेवून उभे. बाबा स्वतः दुकानात आले आणि त्यांनी आईच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"इथे डाग पडलाय. हा काढून टाक. बाकी जसंच्या तसं राहू दे."

मी फोटो भरपूर रेझोल्यूशनला स्कॅन केला. तसा केला की जुन्या फोटोतलं बरंच काही दिसायला लागतं, लुगड्याचा धागाही मोजता येतो. तो डाग मला बुरशीचा वाटला नाही. बुरशी फोटोवर कुठेही पसरते, तिला गाल आणि पदर सारखाच. हा पांढरा पट्टा गाल संपतो तिथेच संपत होता. ती पावडर होती, एकाच गालावर थापलेली. आई घाईत तयार झाली असेल असं मला वाटलं, थोडं हसूही आलं. मी पावडर काढली, गाल सारखा केला आणि मोठी प्रिंट काढून फ्रेम करून दिली. मूळ स्कॅन नेहमीसारखा सीडीवर ठेवला. मूळ कधी पुसायचं नाही, जे करायचं ते नकलेवर करायचं, ही माझी शिस्त होती. सेठजींना ती नव्हती. हार्डडिस्क भरून जाईल या धास्तीने ते साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करायचे. त्यावरून आमची भांडणंही व्हायची.

फ्रेम भिंतीवर लागली तेव्हा आई बराच वेळ तिच्यासमोर उभी होती. "मी अशी कधी होते ग?" असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मग ती सकाळ आली. लग्नसराईचे दिवस होते, मला दुकानात लवकर जायचं होतं. पोहे भिजवलेले होते, फोडणी बाकी होती. तेवढ्यावरून सुरू झालं. पहिली थप्पड नेहमीसारखी उजव्या गालावर. मग त्याच्या हाताला कुकरचं झाकण लागलं. ते त्याने माझ्या डोळ्याच्या बाजूला हाणलं. मी खाली बसले, तर केस धरून उठवलं आणि तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा आणि पुन्हा एकदा. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं, कानात शिट्टी वाजायला लागली. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांनी घंटी जरा जोरात वाजवली. मग तो अंघोळीला गेला. मला मारून झालं की त्याला नेहमी अंघोळ लागायची.

मी त्या दिवशी न्हाणीघराची कडी बाहेरून लावली आणि चालती झाले.

टेम्पोत बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती, माझं लक्ष गेलं की खिडकीबाहेर बघत होती. माहेरी जाण्यात अर्थ नव्हता. आईबाबा एका नातेवाइकाच्या तेराव्याला नागपूरला गेले होते, घराला कुलूप होतं. नाहीतर मी तोच चेहरा घेऊन बाबांच्या पुढ्यात उभी राहिले असते आणि पुढचं काही घडलंच नसतं. मी सरळ स्टुडिओत गेले.

सेठजी मला बघून उठून उभे राहिले. "बेटी, ये किसने किया?"

"फोटो काढा," मी म्हटलं. "बाबांना दाखवायचाय. आठ बाय दहाची प्रिंट पाहिजे."

त्यांनी नुकताच डिजिटल कॅमेरा आणला होता. गावात तसा क्वचितच कुणाकडे असेल. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दाखवायचे. कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून कॅमेरा कायम सगळ्यात लहान साइजवर ठेवायचे. मी विचारलं, साइज मोठी केलीत ना? ते हो म्हणाले. माझा उजवा डोळा मिटला होता, डाव्यातून पाणी गळत होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला काही दिसलं नाही. मी चेहरा समोर धरला, मग बाजूने धरला. समोरचा फोटो नीट आला, बाजूचा हलला म्हणून पुसून टाकला, एवढं ते म्हणाले.

खाली उतरले तर स्कूटर घेऊन तो उभा. सासूबाईंनी कडी काढली होती. भर रस्त्यात त्याने हसून माझ्यामागे उतरलेल्या सेठजींना नमस्कार केला, माझा दंड पकडून मला मागच्या सीटवर बसवलं. त्याची बोटं पार हाडापर्यंत रुतली होती. घरी गेल्यावर त्या कडीचा हिशोब वेगळा झाला, तो पाठीवर झाला. मग बाहेरून कुलूप. गाल काळा झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि त्या सगळ्या काळात मी एकाच गोष्टीला धरून जगत होते. फोटो आहे. या वेळेला सबूत आहे.

गाल उतरल्यावर त्यानेच मला कामावर जायची परवानगी दिली. मी दुकानात न जाता थेट माहेरी गेले. आईबाबा परत आले होते.

"फोटो आहे दुकानात," मी बाबांना म्हटलं. "आता तरी मला परत पाठवू नका."

बाबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. त्या लोकांना बोलावतो. त्यांच्यासमोर पाहू. फोटोत तू म्हणतेस तसं असेल तर तू इथे राहा, मी बोलणार नाही. नसेल तर जायचं आणि हा विषय बंद. मंजूर?"

"मंजूर. मी आत्ता जाऊन आणते."

"तू नाही. सबूत पार्टीने आणायचं नसतं. मी आणतो."

आणि ते खरंच स्वतः गेले. बंद पाकीट घेऊन आले, उघडूनही पाहिलं नाही. कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली. माझा बाप न्यायाच्या बाबतीत असा काटेकोर होता.

बैठकीला तो आला, सासूबाई आल्या आणि त्याचे एक काका आले. काकांनी खुर्चीवर बसताक्षणी पोह्यांवर शेव घालून घेतली. भिंतीवर साठीशांतीचा फोटो, त्याच्या बरोबर खाली बाबा. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर घेऊन उभी. बाबांनी पाकीट सगळ्यांना दाखवलं, कात्रीने कड कापली, फोटो बाहेर काढला आणि बघतच राहिले. मग त्यांनी तो माझ्याकडे नाही, काकांकडे दिला.

"यात काय आहे?" काका म्हणाले.

"गोरीपान दिसतेय की," सासूबाई म्हणाल्या. "नजर लागेल अशी."

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. मी फोटो हिसकावून घेतला.

माझा चेहरा होता. उजवा गाल साफ, डोळा उघडा, ओठ अखंड. फोटो ताणलेला होता, हनुवटीच्या कडेला पायऱ्या पडल्या होत्या, केस म्हणजे नुसता चौकोनांचा ढीग. आणि उजव्या गालावर तीळ होता. डाव्यावरही होता, उजव्यावरही. सेठजींची झटपट कामाची रीत मला माहीत होती. चेहऱ्याची एक बाजू खराब असली की ते चांगली बाजू उचलायचे, आरशासारखी उलटी करायचे आणि खराब बाजूवर बसवून टाकायचे. मुलीच्या बापाने पाकीट मागितलं. त्याच्या हातात तसला चेहरा द्यायला त्यांचं मन झालं नाही. हे त्यांनी मला मागाहून रडत रडत सांगितलं. "बाप के हाथ में कैसे देता, बेटी?" मूळ फोटोवरच सेव्ह केलं होतं. माझा फुटलेला चेहरा जगात कुठेही उरला नव्हता.

मी बाबांना सांगायला लागले. उलटा गाल, दोन तीळ, चौकोन, ठिपके. माझा आवाज चढत गेला. जितकं सांगत होते तितकी वेडी दिसत होते, ते मला कळत होतं.

"पुरे," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये काहीही करता येतं असं तूच म्हणतेस. मग तू म्हणशील ते तरी कशावरून मानायचं? बात ठरली होती. सामान घे."

तो उठला आणि डाव्या हाताने त्याने माझं मनगट धरलं. "चल," म्हणाला, अगदी प्रेमाने. फक्त मला कळत होतं की हाड दाबलं जातंय. मी खुर्चीचा पाय धरला, खुर्ची माझ्याबरोबर फरफटत आली, काकांची पोह्यांची बशी खाली पडली. कुणी उठलं नाही.

आई आली. तिने खाली पडलेला फोटो उचलला, खिडकीपाशी नेला आणि डोळ्यांजवळ धरला. मग माझ्याकडे आली आणि माझ्या उजव्या गालावरून अंगठा फिरवला.

"हिला इथे तीळ नाही," ती म्हणाली. "मी जन्म दिलाय हिला. हा गाल हिचा नाही. ह्याच्याखाली काय होतं?"

"तू आत जा," बाबा म्हणाले.

आई आत गेली नाही. ती भिंतीकडे गेली, टाचा उंचावल्या आणि साठीशांतीची फ्रेम खिळ्यावरून काढली. फ्रेम जड होती, तिच्या हातात डुगडुगत होती. तिने ती बाबांच्या समोर धरली आणि आपल्या साफ केलेल्या डाव्या गालावर बोट ठेवलं, बरोबर तिथेच, जिथे दुकानात बाबांनी ठेवलं होतं.

"आणि ह्याच्याखाली? अहो, सांगा ना सगळ्यांना. ह्याच्याखाली काय होतं? मुलगी झाली म्हणून दवाखान्यातून घरी आल्या आल्या काय दिलं होतं मला? अर्धा डबा पावडर लागली होती त्या दिवशी, तरी दिसत होतं. ते पुसायला पण तुम्हाला हिचेच हात मिळाले?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना "कशावरून" न विचारताना पाहिलं.

आईने फ्रेम टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. काच फुटली, तिच्या तळहातात घुसली, रक्त पोह्यांवर पडलं. तिने पुन्हा आपटली. मग पुन्हा. चौकटीच्या पट्ट्या सुट्या होईपर्यंत ती थांबली नाही. सासूबाई "राम राम" करत दाराकडे सरकल्या.

"ही कुठेही जाणार नाही," आई म्हणाली.

"तुझ्या आईचं डोकं फिरलंय," असं म्हणून त्याने माझं मनगट जोरात खेचलं आणि त्याचा डावा खांदा हलला. माझी मान वळली नाही. माझा मोकळा हात खाली गेला, फ्रेमची एक पट्टी हाताला लागली, सागवानाची, खिळ्यासकट. मी ती त्याच्या मनगटावर घातली, पूर्ण ताकदीने. कट्‌ असा आवाज झाला. तो किंचाळला आणि खाली बसला, मी आणखी एक घातली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. काकांनी त्याला काखेत धरून जिन्यावरून खाली नेलं. तो पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही.

मी माहेरीच राहिले. आईच्या हाताला टाके पडले, तो हात बांधलेला असेपर्यंत स्वयंपाक मी केला. बैठकीतला खिळा तेवढा रिकामा राहिला.

हाताचं बँडेज सुटलं त्या दिवशी आई मला म्हणाली, "तो आधीचा असेल का ग तुझ्याकडे? पावडरवाला?"

होता. सीडीवर होता, एकही ठिपका न पुसलेला. मी दुकानात जाऊन तीनशेवर, कागद मावेल तेवढा मोठा काढला. फाटायचा प्रश्नच नव्हता. आईच्या डाव्या गालावर पावडरीचा थर दिसत होता, बोटांचे फराटे दिसत होते आणि थराच्या खालच्या कडेला, नीट पाहिलं तर, काळसर सूज दिसत होती. सेठजी माझ्यामागे उभे होते. साफ करू का असं त्यांनी विचारलं नाही.

तो फोटो त्याच खिळ्यावर लागला. बाबा त्याच्या बरोबर समोर जेवायला बसायचे, ती त्यांची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. काही दिवस ते ताटाकडे बघून जेवले. मग एका दुपारी मी वाढत असताना हळूच म्हणाले, "एवढा मोठा कशाला तो? छोटा करून लाव ना. छोट्यात कसं, सगळं नीट दिसतं."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"मोठाच राहील," ती म्हणाली. "आणि तुम्ही वर बघून जेवा."